कॉलेज बदलताना शैक्षणिक कर्ज आणि शिष्यवृत्तीचे काय होते

शैक्षणिक कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर असले, तरी ते ठरावीक कॉलेजला आणि ठरावीक अभ्यासक्रमाला बांधलेले असते. बँकेच्या मंजुरीपत्रावर कॉलेजचे नाव, शाखा आणि वर्षनिहाय फी नोंदलेली असते आणि दरवर्षीचा हप्ता थेट कॉलेजच्या खात्यात जमा होतो. म्हणून ऐरोलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून वाशीच्या कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याचे कर्ज आपोआप त्याच्यामागे जात नाही. 2021 साली सुरू झालेल्या अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समुळे श्रेयांक नव्या संस्थेत नेता येतात; पैशासाठी अशी सोय नाही.

कॉलेज बदलल्यावर बँक प्रस्ताव नव्याने तपासते. जुन्या कॉलेजची एनओसी, बदलीला मिळालेली मंजुरी, गुणपत्रिका, नव्या कॉलेजचे बोनाफाईड आणि फीचा तपशील द्यावा लागतो. खरी अडचण फी वाढते तेव्हा येते. समजा, चार वर्षांसाठी 6 लाख मंजूर आहेत आणि पहिल्या वर्षाचे दीड लाख भरून झाले आहेत. नव्या कॉलेजची फी वर्षाला सव्वादोन लाख असेल, तर उरलेल्या तीन वर्षांचे 6.75 लाख धरून एकूण गरज 8.25 लाखांवर जाते. इंडियन बँक्स असोसिएशनच्या नमुना योजनेत 7.5 लाखांपुढे तारण लागते. घर आधीच गृहकर्जात गहाण असलेल्या कुटुंबाला तारण कुठून आणायचे हा प्रश्न इथे पडतो. 4 लाखांवरील कर्जात 5 टक्के रक्कम पदरची घालावी लागते, तीही फीबरोबर वाढते.

बदलीत वर्ष वाया गेले, तर व्याज थांबत नाही. दीड लाखावर 10 टक्के दराने वर्षाचे 15 हजार रुपये चढतात. केंद्राच्या व्याज अनुदान योजनेतील विद्यार्थ्यांनी जास्त जपावे. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठीच्या या योजनेत अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास अनुदान बंद होते. अपवाद फक्त वैद्यकीय कारणाचा. नोंद ‘शिक्षण सोडले’ अशी न होता ‘संस्था बदलली’ अशीच व्हावी, यासाठी बँकेला वेळेत लेखी कळवणे भाग आहे.

शिष्यवृत्तीत चूक झाली तर ती सहसा भरून निघत नाही. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज विद्यार्थी ज्या कॉलेजात शिकतो तेच कॉलेज तपासून पुढे पाठवते. जुन्या कॉलेजच्या पातळीवर अर्ज अडकला असेल, तर तो निकाली निघेपर्यंत कॉलेज सोडल्याचा दाखला काढण्याची घाई करू नये. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांना मिळते. खासगी आणि अभिमत विद्यापीठे या योजनेत येत नाहीत, तसेच 2024 साली मुलींसाठी जाहीर झालेल्या संपूर्ण शुल्कमाफीतही येत नाहीत. त्यामुळे सवलतीवर शिकणारी मुलगी नेरूळच्या डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात किंवा पनवेलजवळ भाताणच्या अ‍ॅमिटी विद्यापीठात गेली, तर सवलत संपते आणि पूर्ण फी घरच्यांवर येते. पालकांच्या लक्षात हे बहुधा फीची पावती हातात पडल्यावरच येते.

भरलेली फी परत मिळण्याचे नियम तारखांवर चालतात. यूजीसीच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या 15 किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास संपूर्ण फी परत मिळते, मात्र त्यातून प्रक्रिया शुल्क कापले जाते. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत 90 टक्के, तारखेनंतर 15 दिवसांपर्यंत 80 आणि 30 दिवसांपर्यंत 50 टक्के मिळतात. पुढे काहीच नाही. तंत्रशिक्षणाला एआयसीटीईच्या तारखा लागू होतात. परत आलेली रक्कम कर्जखात्यात भरावी, नाहीतर तिच्यावरचे व्याज चढत राहते. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्याचा किंवा उरलेल्या वर्षांची फी मागण्याचा अधिकार कॉलेजला नाही. तशी मागणी झाल्यास ती लेखी मागावी आणि विद्यापीठाकडे तक्रार करावी.

बदलीचा अर्ज करण्याआधी विद्यार्थी आणि सहकर्जदार पालक या दोघांनी बँकेच्या शाखेत जाऊन नव्या कॉलेजसाठी कर्ज पुढे चालू राहील असे लेखी पत्र घ्यावे, आणि ते हाती आल्यावरच जुन्या कॉलेजकडे दाखला मागावा.