या आणि पाहा : अनुभवातून शिक्षण



विहारात आपण वंदना घेतो तेव्हा धम्माच्या गुणांमध्ये ‘एहिपस्सिको’ हा शब्द उच्चारतो. ‘या आणि स्वतः पाहा’ असा त्याचा साधा अर्थ. शब्द पाठ आहे, परंतु आपल्या मुलांच्या शिक्षणात तो उतरला आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भगवान बुद्धांची शिकवण्याची रीत पाहा. राहुल लहान असताना खोटे बोलण्याचे दुष्परिणाम त्याला सांगायचे होते. बुद्धांनी मोठे प्रवचन दिले नाही. पाय धुण्याच्या भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले आणि राहुलास दाखविले. मग ते ओतून टाकले, भांडे पालथे केले, पुन्हा सरळ करून ते रिकामे असल्याचे दाखविले. जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रामण्य असेच रिते असते, हे त्या मुलाला डोळ्यांनी दिसले. केसपुत्त गावच्या कालामांनाही त्यांनी हेच सांगितले की, केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः जाणून घ्या.

पंचवीस शतकांनंतर अमेरिकेत जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाने शिक्षणशास्त्रात हाच मार्ग धरला. १८९६ साली शिकागो येथे त्यांनी प्रयोगशाळा म्हणून एक शाळा सुरू केली. तेथे मुले स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम करता करता गणित, विज्ञान व इतिहास शिकत. आदर्श शाळेचा आराखडा मांडताना त्यांनी एका मजल्याच्या मध्यभागी ग्रंथालय ठेवले, तर दुसऱ्या मजल्याच्या मध्यभागी वस्तुसंग्रहालय. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच ड्यूईंच्या वर्गात बसले होते.

परंतु प्रत्येक अनुभव शिकवितोच असे नाही, काही अनुभव शिकण्याची इच्छाच मारतात, असेही ड्यूईंनी १९३८ साली लिहिले. बाबासाहेबांना हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या हायस्कुलात त्यांचे नाव दाखल झाले. तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या साताऱ्यातील शाळकरी वयात भीमरावाला वर्गात वेगळे बसावे लागे. बसायचे गोणपाट सकाळी घरून आणावे आणि संध्याकाळी परत न्यावे लागे. तहान लागली तर नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसेल तर तहानलेलेच राहायचे. वर्गात बसविणे म्हणजे शिकविणे नव्हे, ही गोष्ट त्या नळाने सांगितली. मुलाला वस्तूला हात लावू द्यायचा नाही, प्रश्न विचारू द्यायचा नाही, आणि मग तो मागे का पडला म्हणून विचारायचे, हा अन्याय आजही निरनिराळ्या रूपांत घडतो.

आता आपल्या परिसराकडे वळू. शिळफाट्यावरून खोपोलीच्या डोंगराकडे पाहिले की वीजगृहाकडे उतरणारे मोठे नळ दिसतात. १९१५ साली येथे जलविद्युत केंद्र सुरू झाले; वर घाटमाथ्यावर साठविलेले पाणी खाली वेगाने येऊन चक्र फिरविते. आमची मुले पाण्यापासून वीज तयार होते हे वाक्य पाठ करतात, पण ते नळ कशाचे, असे विचारले तर गप्प बसतात.

लेण्यांचेही तसेच. खोपोलीहून लोकलने कर्जतला जावे, तेथून कोंदिवड्याकडे, आणि पुढे राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे लेणी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील हे चैत्यगृह व विहार. एकदा मुलांना घेऊन आम्ही तेथे गेलो. माहिती वाचून दाखविली, मुलांनी वहीत उतरविली, आणि सहल संपली असे आम्हांस वाटले. इतक्यात एका मुलीने विचारले, “दगडच कोरायचा होता, तर लाकडाच्या घरासारखा का कोरला?” आम्हांस तत्काळ उत्तर देता आले नाही. कारागीर आधी लाकडी बांधकामात निष्णात होते, तेच रूप त्यांनी खडकात उतरविले, हे आम्ही नंतर वाचून तिला सांगितले. पुढे घाट चढून कार्ल्याला गेलो, तेव्हा चैत्यगृहाच्या छताखालच्या लाकडी कमानी तिनेच प्रथम बोटाने दाखविल्या. तो धडा ती विसरणार नाही, आणि आम्हीही नाही.

कोंडाण्याच्या चैत्यगृहाशेजारी एका भग्न भव्य मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, असा तिचा आशय. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा शिष्य. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या डोंगरात एका माणसाने आपली ओळख ‘अमक्याचा विद्यार्थी’ अशी दिली, यापेक्षा विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे दुसरे काय असणार!

संग्रहालयाचेही महत्त्व असेच आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथील स्तूप उकरला. त्यात एकात एक ठेवलेले करंडक मिळाले, आणि सोन्याच्या करंडकात मातीच्या पात्राचे बारीक तुकडे. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानले गेले. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. सोन्याच्या आत माती का ठेवली असेल, हा एक प्रश्न मुलांपुढे टाकावा आणि आपण गप्प राहावे. उत्तर शोधता शोधता त्यांना इतिहासही कळेल आणि धम्मही.

म्हणून समाजबांधवांना आमची नम्र सूचना अशी : वर्षातून एक तरी अभ्यास सहल काढावी. जाण्यापूर्वी मुलांना थोडी माहिती द्यावी, तेथे प्रत्येकाने एक वस्तू निवडून तिचे चित्र काढावे, एक प्रश्न लिहावा, आणि पुढच्या रविवारी विहारात त्या प्रश्नांवर चर्चा व्हावी. घरीही हेच करता येते. बँकेच्या खिडकीवर पदवीधर मुले साधी स्लिप भरताना अडखळतात, हे आम्ही रोज पाहतो. मुलाच्या हाती पासबुक द्या, व्याज त्यालाच काढू द्या, चुकले तर चुकू द्या.

बाबासाहेबांनी दिलेल्या मंत्रात शिक्षण प्रथम आहे. ते पाठांतरापुरते राहिले तर उरलेले दोन्ही शब्द लटके पडतील. आपल्या मुलांना नळ स्वतः सोडू द्या, लेणे स्वतः पाहू द्या, प्रश्न स्वतः विचारू द्या. ‘एहिपस्सिको’ म्हणणाऱ्या समाजाने एवढे करावे, हीच अपेक्षा.

नमो बुद्धाय! जय भीम!