सोळा इंच पुरे

अलेक्झांड्रा, सेंट्रल ओटागो

चि. सई,


बंदुकीचा परवाना हातात आल्याचं कळलं, छान झालं. तू ताईला फोनवर ‘सायलेन्सर घ्यायचाय’ म्हणालीस आणि अर्ध्या तासात तिचा मला फोन: पोरगी नक्की द्राक्षमळ्यावरच कामाला आहे ना? तिचंही चुकत नाही. भारतात साध्या परवानाधारकाला ही वस्तू बाळगता येत नाही, आणि तिने ती पाहिलीय ती सिनेमातल्या मारेकऱ्याच्या हातात. इथे न्यूझीलंडमध्ये बंदुकीचा परवाना असला की सायलेन्सरसाठी, म्हणजेच सप्रेसरसाठी, वेगळा कागद लागत नाही. शेजाऱ्याची झोप, कुत्र्याचे कान आणि आपले कान वाचतात, म्हणून ससे मारणारा प्रत्येक शेतकरी तो लावतो. ताईला एवढं पुरलं. तुला जरा जास्त सांगावं लागेल.

तुझा प्रश्न नळीचा आहे: सोळा इंच, वीस की चोवीस? पण बंदूक किती आवाज करणार हे आधी काडतूस ठरवतं. सप्रेसर नळीच्या तोंडातून सुटणारा गरम वायू अडवतो, सावकाश बाहेर सोडतो. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने निघाली तर हवेत जो कडाका उठतो, त्यावर त्याचा काही इलाज नाही. तो कडाका गोळीबरोबर सगळ्या शिवारातून जातो. पंधरा अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. .२२ लाँग रायफलची जोरकस काडतुसं ३७५ च्या आसपास जातात; सबसॉनिक म्हणून विकली जातात ती ३२० च्या. तुला ही दुसरी हवीत, गोळी ४० ग्रेन वजनाच्या आसपासची, पोकळ टोकाची. साध्या .२२ चा आवाज १४० डेसिबलच्या घरात असतो. सबसॉनिक काडतूस आणि बरा सप्रेसर एकत्र आले की तो ११५-१२० वर येतो. मग बंदुकीपेक्षा गोळी सशाला लागल्याचा थप्प आवाज स्पष्ट ऐकू येतो.

तू कोल्हापूरची, म्हणून एक गंमत. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं ते याच .२२ लाँग रायफल जातीच्या काडतुसावर, आणि स्पर्धेची काडतुसंही ध्वनीच्या वेगाखालीच ठेवतात. तिथे कारण शांततेचं नाही. वेग ध्वनीच्या वर जाऊन वाटेत खाली उतरला तर गोळी डगमगते, नेम बिघडतो.

थंडीचं ध्यानात ठेव. शून्य अंशाला ध्वनीचा वेग ३३१ वर येतो आणि इथल्या हिवाळी पहाटे पारा त्याच्याही खाली असतो. खोक्यावर ‘स्टँडर्ड’ लिहिलेलं, ३२६ चं काडतूस उन्हाळ्यात गुपचूप जातं आणि जुलैच्या थंडीत मधूनच कडाडतं. गारठ्यात काडतुसातली दारूही थोडी मंदावते, त्यामुळे प्रत्येक गोळी कडाडेल असं नाही. पण भरवसाही नाही. सबसॉनिकच घे.

आता नळी. .२२ च्या काडतुसात दारू चिमूटभर. सोळा इंचांच्या आत ती जळून जाते. त्यापुढची नळी गोळीला फारसं काही देत नाही. चोवीस इंची नळीत घर्षणाने वेग किंचित कमीही होऊ शकतो. सप्रेसर न लावता लांब नळी कानाला सौम्य लागते हे खरं, कारण वायूचा दाब तोंडापर्यंत येता येता उतरलेला असतो. सप्रेसर लावल्यावर हा फरक इतका कमी उरतो की त्यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. उलट चोवीस इंची नळीपुढे आणखी पंधरा सेंटिमीटरचा डबा बसवलास तर ते काठीलाही लाजवील असं लांबडं होतं. क्वॉड बाइकवरून उतरताना तारेत अडकतं, वेलींच्या ओळीत वळत नाही. म्हणून सोळा. याहून आखूड नळ्याही मिळतात, पण त्या मोहात पडू नकोस: ७६२ मिलिमीटरपेक्षा कमी लांबीची बंदूक इथल्या कायद्याने पिस्तूल ठरते, आणि तुझा परवाना पिस्तुलाचा नाही.

बोल्ट-अ‍ॅक्शनच का, हेही विचारलंयस. कायदा सेमी-ऑटोमॅटिक .२२ ला, दहापर्यंत गोळ्यांची असेल तर, अजून मुभा देतो. पण ती बंदूक गोळी सुटताक्षणी आपसूक उघडते. धातूचा खटका होतो, सप्रेसरने अडवलेला वायू मागे येऊन डोळ्यांवर बसतो, आणि मंद काडतुसांवर ती अडखळते. बोल्ट तू उघडेपर्यंत बंदच राहतो. शिवाय नवशिक्याला प्रत्येक गोळीनंतर थांबावं लागतं, हे मला फार आवडतं.

कोणती घ्यावी? चेक बनावटीची सीझेड ४५७ किंवा फिनलंडची टिक्का टी१एक्स. दोन्ही सोळा इंची नळीत मिळतात, अडीच-पावणेतीन किलोंची. सीझेडचा ट्रिगर घरी हलका करता येतो, नळीही बदलता येते. टिक्काचं मॅगझिन दहाचं, बोल्ट लोण्यासारखा. मी सीझेड घेईन, पण तुझ्या खांद्याला जी बसेल ती तुझी. जाड ‘व्हार्मिंट’ नळी नको. दिवसभर ती तुलाच वाहायची आहे. दुकानदार .१७ एचएमआर पुढे करील. गोळी सेकंदाला पावणेआठशे मीटरने जाते, लांबवर सरळही जाते. पण कडाका तसाच राहतो. मळ्यात ते नको.

सप्रेसर उघडून साफ करता येईल असा घे, .२२ चं शिसं आणि काजळी आत थर धरतात. त्यात हवा भरलेली असल्याने पहिली गोळी जरा मोठ्याने वाजते, घाबरू नकोस. तो बसवूनच नेम जुळव, कारण त्याच्या वजनाने गोळीची जागा सरकते. पन्नास मीटरला जुळव आणि तिथपर्यंतच मार. शंभरला हीच गोळी वीतभर खाली जाते, आणि अर्धमेला ससा कुठल्याही कुंपणाखाली तडफडत राहावा असं मला वाटत नाही.

ससे कमी होतील ही आशा सोड. १९९७ मध्ये कोणीतरी परवानगी नसताना सशांचा विषाणू आणून सोडला, तो पहिल्यांदा तू कामाला आहेस त्या क्रॉमवेलजवळच सापडला. काही वर्षं ससे मेले, मग उरलेल्यांत प्रतिकारशक्ती आली. म्हणून रोपांच्या साली त्यांच्यापासून वाचवायला बंदूक घेऊन बसावंच लागतं.

एक मात्र कठोरपणे सांगतो. आवाज लहान झाला म्हणून गोळी लहान होत नाही. .२२ ची गोळी दीड किलोमीटर जाऊ शकते, दगडावरून, पाण्यावरून, गोठलेल्या जमिनीवरून उसळते. मागे मातीचा उतार नसेल तर ससा जाऊ दे. हळू आवाजामुळे पलीकडच्या ओळीतल्या कामगाराला कळतही नाही की कोणी गोळी चालवतंय. म्हणून बाहेर पडण्याआधी सगळ्यांना सांग. काडतुसं आणि बंदूक वेगवेगळ्या कुलपात. बंदुकांच्या रजिस्ट्रीत नोंद आठवणीने कर.

आणि सप्रेसरची ऑर्डर देण्याआधी नळीवरचे आटे तपास. या दोन्ही रायफलींवर इथे बहुधा अर्ध्या इंचाला, इंचात वीस आट्यांचं माप येतं. अमेरिकी बनावटीवर अठ्ठावीसचं. दुसऱ्या मापाचा डबा जोर लावून बसवलास तर दोन्ही वस्तू वाया जातील. खोक्यावरचा आकडा वाचून मला कळव, मगच पैसे दे.

तुझा,
मामा