आजीची विमानयात्रा

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात एक लहानसे खेडे आहे. तेथील एका घरी वैशाखातल्या एका संध्याकाळी दिल्लीहून दूरध्वनी आला. दिल्लीस राहणाऱ्या लेकीची प्रसूती पाचव्या दिवशी शस्त्रक्रियेने करावी लागणार होती. तिचे ते पहिलेच बाळंतपण. घरात दुसरे वडीलधारे माणूस नाही. "आई, तू ये," एवढेच ती म्हणाली. आगगाडीत जागा मिळेना; तेव्हा जावयाने नागपूरहून दिल्लीस जाणाऱ्या विमानाचे तिकीट काढून पाठविले.

तिकीट पाहताच आजीचा चेहरा उतरला. आजी भित्री होती असे मुळीच नाही. ऐन पावसाळ्यात दुथडी वाहणारा नाला तिने अनेकदा ओलांडला होता. आजोबांच्या मागे दहा एकरांची शेती तिने एकटीने सांभाळली होती. परंतु विमानाचे नाव काढताच तिच्या हातापायांना कंप सुटे. "अरे, नाल्याला निदान तळ असतो," ती नातवाला म्हणाली, "आभाळात पाय टेकायला काय आहे? मला नाही जमायचे."

नातू सातवीत शिकत होता. आजीचे भय त्याने दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या कानावर घातले. गुरुजी हसले नाहीत. "ज्या गोष्टीचे कारण ठाऊक नसते, तिची भीती अधिक वाटते," ते म्हणाले, "चल, आपण आजींशी बोलू."

गुरुजी आले तेव्हा आजी अंगणात सूप घेऊन तूर पाखडत बसली होती. गुरुजींनी विचारले, "आजी, खळ्यावर वारा सुटला असता सूप तिरपे धरले, तर काय होते?"

"होते काय? वर उसळते. घट्ट धरावे लागते."

"विमानाचा पंखही असाच किंचित तिरपा धरलेला असतो. खळ्यावर वारा सुपाकडे येतो. येथे विमानच वाऱ्याकडे धावते. पंख समोरून येणारी हवा खाली लोटतो आणि त्यामुळे हवा पंखाला वर उचलते. म्हणून उडण्यापूर्वी विमान धावपट्टीवर एवढ्या वेगाने पळते. पाय टेकायला काय आहे, असे आपण विचारलेत ना? हवाच आहे. ती दिसत नाही एवढेच."

आजी बराच वेळ हातातल्या सुपाकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, "मध्येच ते हिसके खाते म्हणतात, ते खरे का?"

"खरे आहे. उन्हाळ्यात दुपारी आपली काळी जमीन तापते, तिच्यावरची हवा तापून वर चढते आणि वावटळी उठतात, हे आपण पाहतोच. आकाशातही हवेचे असे वर-खाली जाणारे प्रवाह असतात. त्यांतून जाताना विमान हादरते. बैलगाडी खाचखळग्यांतून गेली म्हणजे हादरते. तेवढ्याने ती मोडत नाही. मात्र अशा वेळी कमरेचा पट्टा बांधलेला असावा."

"आणि यंत्र बंद पडले तर?"

"अशा विमानाला दोन यंत्रे असतात; एक बंद पडले, तरी दुसऱ्याच्या बळावर ते उतरविता येते. चालविणारेही दोघे असतात. धोका मुळीच नाही असे मी म्हणणार नाही, आजी. परंतु रस्त्यावरच्या अपघातांच्या मानाने विमानाचे अपघात फारच थोडे."

गुरुजींनी खरे ते सांगितले, म्हणूनच आजीला धीर आला. मग त्यांनी आणखी एक हकिकत सांगितली. भारतात पत्रांनीही फार पूर्वीच विमानप्रवास केला. १९११ साली अलाहाबादहून यमुनेपलीकडील नैनीपर्यंत पत्रांची थैली विमानाने नेण्यात आली. १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस टपाल आणले. आणि १९४९ साली आपले नागपूर तर टपालाचे चव्हाटेच झाले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने रातोरात परत फिरत. ती सेवा पुढे बंद झाली. परंतु अनेक वर्षे देशाची पत्रे रात्रीच्या काळोखात विदर्भाच्या आकाशातून ये-जा करीत होती.

"माझा थोरला भाऊ मद्रासेस पलटणीत होता," आजी हळूच म्हणाली. "त्याची पत्रे मीच आईला वाचून दाखवीत असे."

"त्यांतील काही या वाटेने आलीही असतील."

आजी काही बोलली नाही. तिने सूप बाजूला ठेवले आणि नातवाला हाक मारली, "माझी पेटी काढ रे."

मग दोन दिवस तयारी चालली. नातवाने तिकिटावरील नियम मोठ्याने वाचले. मोठ्या सामानाला १५ किलो आणि हातच्या सामानाला ७ किलो एवढीच मर्यादा होती. लेकीसाठी केलेले डिंकाचे लाडू पेटीत गेले आणि पेटी काट्यावर तोलून पाहण्यात आली. आजीच्या पानाच्या बटव्यातला अडकित्ता धारदार. तो हाती नेता येत नाही, म्हणून त्यालाही पेटीत जावे लागले. पूजेची काडेपेटी तर पेटीतही चालेना. ती घरीच राहिली. बटव्यात वेलदोडे मात्र मुद्दाम ठेवले. विमान चढता-उतरताना आतील हवेचा दाब बदलतो आणि कानांना दडे बसतात. तोंडात काही चघळत आवंढा गिळला म्हणजे ते सुटतात. ओळखपत्र आणि तिकीट नातवाने एका लहान पिशवीत घालून ती आजीच्या गळ्यात अडकविली. संध्याकाळी अंगणात बाजेवर बसून, जुन्या लुगड्याच्या काठाचा पट्टा करून तो बांधण्या-सोडण्याचाही सराव झाला. शेजारणी हसल्या, आजीही हसली.

निघण्याचा दिवस उजाडला. नागपूर ते शिर्डी असा २०२२ साली खुला झालेला समृद्धी महामार्ग जिल्ह्यातूनच जातो. त्या मार्गाने मंडळी चार तासांच्या आत नागपुरास पोहोचली. विमान सुटण्यास अद्याप दोन तासांहून अधिक अवकाश होता. दारावरच्या जवानाने तिकीट व ओळखपत्र पाहिले. ज्याच्याजवळ तिकीट, त्यालाच आत प्रवेश. नातवाला दारातच थांबावे लागले. आजीने त्याच्या डोक्यावरून हात फिरविला आणि पदर खोचून ती एकटी आत गेली. न कळेल ते तिने निःसंकोचपणे विचारले आणि ज्याला विचारले त्याने ते सांगितले.

विमान धावू लागले तेव्हा आजीने डोळे मिटले. वेग वाढत गेला. चाकांची घरघर एकाएकी थांबली आणि पाठ मागे रेलली. आजीच्या डोळ्यांपुढे खळे उभे राहिले, हातातले सूप उभे राहिले. "वारा लागला," ती स्वतःशीच पुटपुटली. डोळे उघडून पाहते तो खाली शेतांचे तुकडे गोधडीच्या ठिगळांसारखे पसरलेले!

वाटेत विमान हादरले. शेजारच्या आसनावरील शहरी पोषाखातला तरुण पांढराफटक पडून आसनाची दांडी घट्ट धरून बसला होता. आजीचे हातही गार पडले होते. तरी तिने बटवा उघडला, एक वेलदोडा त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "घाबरू नकोस, बाळा. खाचखळगे आहेत. गाडी मोडत नाही."

दोन तासांच्या आत दिल्ली आली. त्याच रात्री आजी लेकीच्या उशाशी बसली होती. तिसऱ्या दिवशी नात जन्मल्याची वार्ता खेड्यात पोहोचली. नातवाने विचारले, "आजी, भीती गेली का ग?"

"गेली नाही रे," आजी म्हणाली, "ती बरोबरच आली होती. पण तिला शेजारी बसविले. वाटेत आडवी येऊ दिली नाही."

शब्दार्थ
पाखडणे – सुपाने धान्यातील कोंडा-कचरा काढून टाकणे. खळे – धान्य मळण्याची जागा. चव्हाटा – अनेक वाटा एकत्र येतात ते ठिकाण. पलटण – सैन्याची तुकडी. आवंढा – तोंडातील लाळेचा घोट.

स्वाध्याय
१. आजी भित्री नव्हती, हे कोणत्या गोष्टींवरून दिसते?
२. सूप आणि विमानाचा पंख यांतील साम्य व फरक सांगा.
३. "धोका मुळीच नाही असे मी म्हणणार नाही," या गुरुजींच्या शब्दांनी आजीला धीर का आला असावा?
४. १९४९ साली नागपूरला टपालाचे चव्हाटे का म्हणता आले?
५. तुम्हांस ज्या गोष्टीची भीती वाटते, तिचे कारण शोधून आठ-दहा ओळी लिहा.