मुलांसाठी लेखन आणि संपादन : बदलीच्या गावी नेता येणारा व्यवसाय



लष्करी कुटुंबात दर दोन-तीन वर्षांनी सामान बांधले जाते. शाळा बदलते, शेजार बदलतो आणि पुष्कळदा आईची नोकरीही मागच्या गावीच राहते. अशा घराला सामानाबरोबर नेता येईल असे काम हवे असते. मुलांसाठी लेखन आणि संपादन हे तसे काम आहे. जयपूरच्या सोडाल्यात बसून पुण्याच्या प्रकाशकाची संहिता तपासता येते, आणि मध्येच बदली झाली तर उरलेली पाने पुढच्या गावी पुरी करता येतात. मात्र याला फावल्या वेळचा छंद समजू नये. हा व्यवसाय आहे, आणि तो शिकावा लागतो.

१. एक उदाहरण

'फास्टर फेणे' हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. २०१७ साली त्याच्यावर चित्रपटही आला. फुरसुंगीच्या या बनेश फेणेचे जनक भास्कर रामचंद्र भागवत (१९१०–२००१). त्यांचा जन्म इंदूरचा, म्हणजे महाराष्ट्राबाहेरचा. त्यांनी फेणेची वीस पुस्तके लिहिली, ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत आणल्या आणि १९५१ मध्ये 'बालमित्र' हे मासिक सुरू केले. त्यांच्या पत्नी लीलाताई भागवत याही बालसाहित्यिक होत्या.

स्वतंत्र लेखन, अनुवाद आणि संपादन अशी तिन्ही कामे त्यांच्या हातात होती. 'बालमित्र' काही वर्षेच चालले, पण भागवतांचे लेखन पुढे कित्येक वर्षे सुरू राहिले. आजच्या लेखकाने हेच ध्यानात ठेवावे. एकाच कामावर विसंबू नये. एक बंद पडले तर दुसरे हाताशी असावे.

२. संपादक नेमके काय करतो?

शुद्धलेखन तपासणे ही शेवटची पायरी. त्याआधी दोन पायऱ्या असतात. प्रथम गोष्टीची रचना पाहायची : कोणत्या वयाचे मूल हे वाचणार, गोष्ट कोठे रेंगाळते, अडचण कोण सोडवते? मुलांच्या गोष्टीत ती शक्यतो मुलानेच सोडवावी. मग वाक्ये पाहायची. हे वाक्य वाचा :

'पहाटे लवकर उठणे आरोग्यास अत्यंत लाभदायक असल्याचे आजोबांनी अर्जुनला समजावून सांगितले.'

व्याकरणाची चूक एकही नाही, पण सात वर्षांचे मूल येथेच पुस्तक मिटेल. संपादक लेखकाला असे सुचवील :

'आजोबांनी अर्जुनचे पांघरूण ओढले. "ऊठ! शुक्राची चांदणी अजून दिसतेय."'

उपदेश गेला आणि पहाट आली. आजोबांना जे सांगायचे होते ते मात्र हरवले नाही. बदल लेखकाला विचारूनच करायचा, कारण पुस्तकावर नाव त्याचे असते.

३. चित्रपुस्तकाचे गणित

छापखान्यात एका मोठ्या कागदावर आठ किंवा सोळा पाने छापून त्याची घडी घालतात. त्याला फर्मा म्हणतात. म्हणून चित्रपुस्तके बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात. २४ पानांतून शीर्षकाचे आणि प्रकाशनाच्या माहितीचे पान वजा केले की गोष्टीला साधारण दहा-अकरा जोडपाने उरतात. गोष्ट तेवढ्याच टप्प्यांत बसवायची. जे चित्रात दिसणार आहे ते शब्दांत पुन्हा सांगायचे नाही. चित्रात लाल फ्रॉक असेल तर 'लाल फ्रॉक' लिहिण्यात जागा घालवू नये.

४. सुरुवात कोठून करावी?

'बालभारती'चे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. मुलांच्या मासिकांपासून आरंभ करणे सोयीचे, कारण लहान मजकुरावर हात बसतो. साहित्य पाठवण्यापूर्वी त्या मासिकाचे निदान सहा अंक वाचा. नॅशनल बुक ट्रस्ट मुलांसाठी मराठीतही पुस्तके काढते. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संग्रहातील गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत. मूळ लेखक-चित्रकारांना श्रेय देऊन त्यांचा अनुवाद कोणालाही करता येतो. नवशिक्यासाठी हा उत्तम सराव.

जयपूरच्या मराठी मुलांजवळ एक जादा भांडवल आहे. घरात मराठी आणि अंगणात हिंदी असल्यामुळे दोन्ही भाषांतील मुलांचे बोलणे त्यांच्या कानात असते. अनुवादकाला हा कान फार उपयोगी पडतो. मात्र दोन भाषांची सरमिसळ लेखनात नकळत उतरते, म्हणून मराठी वाचन सोडू नये.

५. पैसा आणि हक्क

पहिली काही वर्षे या कामावर घर चालेल असे धरू नये. मोबदला शब्दांवर, पानांवर, ठोक रकमेने किंवा विक्रीवरील मानधनाने मिळतो. प्रत्येक कामाला किती तास लागले हे वहीत लिहून ठेवा. त्यावरूनच पुढचा दर ठरवता येतो.

कायदाही जाणून घ्या. स्वतंत्र लेखकाच्या लेखनाचा हक्क मुळात त्याचाच असतो. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर करार लेखी आणि सहीचा हवा. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, असे कायदा मानतो. 'सर्व हक्क कायमचे' अशा ओळीवर घाईने सही करू नये. हक्क दिले तरी 'हे मी लिहिले' असे सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो.

६. वर्दीतील लेखक

छात्रांनी एक गोष्ट आताच समजून घ्यावी. सैन्यदलात गेल्यावर सेवेशी संबंधित विषयांवर परवानगीशिवाय लेखन प्रसिद्ध करता येत नाही. घरातील इतरांनीही तुकडीचे ठिकाण, हालचाली, नावे गोष्टीत आणू नयेत. छावणीतील मुलाची गोष्ट या तपशिलांवाचूनही खरी वाटते. ते मूल मित्राचा निरोप कसा घेते, नव्या वर्गात पहिल्या दिवशी कोठे बसते, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक आहे? अशा गोष्टी मराठीत आणखी हव्या आहेत.

सराव

१. बदलीच्या गावातील पहिल्या दिवसावर आठ वर्षांच्या मुलासाठी ३०० शब्दांची गोष्ट लिहा.
२. ती दहा जोडपानांत विभागा आणि चित्र जे सांगेल ते शब्दांतून काढा.
३. गोष्ट एखाद्या लहान मुलाला मोठ्याने वाचून दाखवा. ते जेथे चुळबुळ करील तेथे खूण करा आणि तो भाग पुन्हा लिहा.
४. वर्गमित्राच्या गोष्टीचे संपादन करा. प्रत्येक बदलाचे कारण समासात लिहा. कारण देता आले नाही तर बदल मागे घ्या.