थंड थर्मोस्टॅटचा मोह

अमेरिकेत कॉर्व्हेट, कमॅरो, मस्टँग बाळगणाऱ्या हौशी मंडळींत एक स्वस्त फेरफार फार जुना आहे. कंपनीचा साधारण ८२ ते ९१ अंश सेल्सिअसला उघडणारा थर्मोस्टॅट काढायचा आणि ७१ अंशांचा, त्यांच्या मापात १६० फॅरनहाइटचा, बसवायचा. यामागचा तर्क खोटा नाही. सिलिंडर आणि हेड थंड राहिले की ज्वाला पोचण्याआधीच मिश्रण आपोआप पेटण्याचा, म्हणजे नॉकिंगचा, धोका कमी होतो. मग इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे इसीयूला, स्पार्कचं टायमिंग मागे घ्यावं लागत नाही आणि पूर्ण थ्रॉटलला थोडी ताकद हाती लागते. टर्बो लावलेल्या इंजिनात हे अधिक जाणवतं. माझा आक्षेप यापुढच्या उडीला आहे. पूर्ण थ्रॉटलला थंडावा फायद्याचा, म्हणून तो सदासर्वकाळ फायद्याचा, असं धरून चालणं इंजिनाला महागात पडतं.

मुळात थर्मोस्टॅट इंजिनाचं किमान तापमान ठरवतो. तो पूर्ण उघडला की त्याचं काम संपलं. पुढचा सगळा भार रेडिएटर, पंप, पंखा आणि समोरून येणाऱ्या हवेवर. घाटात काटा चढत असेल तर ७१ अंशांचा थर्मोस्टॅट त्याला थोडा उशीर लावेल, रोखू शकणार नाही. शिवाय बऱ्याच गाड्यांत पंखा शंभर अंशांच्या आसपास सुरू होतो. इसीयूतला तो आकडा तसाच ठेवला तर सिग्नलला उभी गाडी पूर्वीइतकीच तापते. आपल्याकडच्या काही गॅरेजांत थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, ते तर याहून वाईट. अनेक इंजिनांत बायपासची वाट तोच बंद करतो. तो नसला की काही पाणी रेडिएटर टाळून गरमच परत फिरतं.

खरी किंमत मोजावी लागते ती मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने जाताना, कारण तेव्हा कूलंट थर्मोस्टॅटने नेमलेल्या तापमानाजवळच राहतं, बाहेर चाळीस अंशांचं ऊन असलं तरी. ज्वलनातली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल पिस्टन रिंगांच्या बाजूने ऑइलमध्ये उतरतं. ऑइल शंभर अंशांच्या घरात गेलं तर त्यातलं बरंचसं उडून जातं. नाही गेलं तर साचतं, आम्लं तयार होतात, गाळ धरतो. थंड सिलिंडरच्या भिंती अशा आम्लांनी कशा झिजतात, हे ब्रिटनमधल्या संशोधनाने १९३० च्या दशकातच दाखवलं. आजच्या पेट्रोलमध्ये गंधक कमी आहे, ऑइलही चांगलं आहे, त्यामुळे झीज तेवढी नसेल, हे मान्य. पण थंड ऑइलचं घर्षण जास्त असतं आणि इसीयूही स्वस्थ बसत नाही. इंजिन अजून तापलं नाही असं समजून तो इंधन वाढवू शकतो. पुष्कळ गाड्यांत कूलंट पुरेसं तापत नसल्याचा पी०१२८ हा कोडही लागतो. ट्रॅकवर ऑइल भरपूर तापतं, असं कोणी म्हणेल. तापतंच, पण तीच गाडी रोज ऑफिसला जवळच्या अंतरावर जाते तेव्हा काय?

हा पेच गाडी बनवणाऱ्यांनी ओळखला आहे. बीएमडब्ल्यूच्या एन५२ इंजिनात थर्मोस्टॅट उघडणाऱ्या मेणाला विजेचा हीटर जोडलेला आहे. हलक्या भाराला कूलंट ११२ अंशांपर्यंत जाऊ देतात आणि जोर मागितला की ८० कडे उतरवतात. साध्या मेणाच्या थर्मोस्टॅटला ही निवड करता येत नाही.

म्हणून रस्त्यावरच्या गाडीला कंपनीचाच थर्मोस्टॅट ठेवा. ट्रॅकची गाडी असेल आणि नॉकमुळे टायमिंग मागे जातंय हे लॉगमध्ये दिसत असेल, तर थोडा खालचा, शक्यतो ८२ चा, घ्या. त्याच वेळी पंख्याचे आकडे आणि इंधनाचं मॅपिंग ट्यूनरकडून बदलून घ्या आणि ऑइलच्या तापमानाचा वेगळा काटा बसवा. नुसती गाडी तापते अशी तक्रार असेल तर आधी बुजलेला रेडिएटर, पंखा आणि रेडिएटरचं झाकण तपासा. अर्धं ग्लायकॉल, अर्धं पाणी १५ पीएसआयच्या धडक्या झाकणाखाली १२९ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचा रबर गेला असेल तर तेच १०७ च्या सुमाराला उकळायला लागतं.