निनुर्ताचा उपदेश आणि आपली खार जमीन

वालावलला श्रीलक्ष्मीनारायणाच्या देवळालगत तळे आहे. देव आणि पाणी यांची अशी जोड फार जुनी. आजच्या दक्षिण इराकमधील सुमेर देशात सुमारे ३७०० वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर शेतीचे धडे सापडले. बापाने मुलाला केलेला हा उपदेश. श्रेय मात्र शेवटी निनुर्ता या शेतीदेवाला! पहिलाच धडा असा, की शेत भिजवताना बांध व पाटांवर नजर ठेवावी, पाणी प्रमाणाबाहेर चढू देऊ नये. तेथे पाऊस तुटपुंजा, निचराही अपुरा. त्यामुळे ओलिताच्या जमिनीत क्षार साचत. क्षार सोसणारे जव हेच मुख्य पीक होते. कर्ली खाडीकाठी आपल्याला पाऊस तारतो. मे महिन्यातच बांधातील कुर्ल्यांची बिळे बुजवावीत, उघाडी दुरुस्त करावी. सुरुवातीच्या पावसाचे पाणी शेतात कोंडून क्षार विरघळू द्यावेत व ओहोटीच्या वेळी ते खाडीत सोडावे.