दोन वाटांचा यात्रिक

विज्ञानाची उपासना करणाऱ्याने ईश्वर मानू नये आणि ईश्वरभक्ताने विज्ञानापासून दूर राहावे, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत खरी नव्हे, हे आपल्या आयुष्याने दाखवून देणारे एक थोर गृहस्थ बेल्जियम देशात होऊन गेले. त्यांचे नाव जॉर्ज लमेत्र.

लमेत्र यांचा जन्म १८९४ साली झाला. पहिल्या महायुद्धात त्यांनी सैनिक म्हणून काम केले. पुढे १९२३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्मगुरूची दीक्षा घेतली. त्याच वर्षी ते इंग्लंडमधील केंब्रिज येथे एडिंग्टन या नामवंत शास्त्रज्ञाजवळ अध्ययनास गेले.

१९२७ साली लमेत्र यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. फुग्यावर ठिपके काढून तो फुगवला, तर प्रत्येक ठिपका इतरांपासून दूर जातो. त्याचप्रमाणे विश्व प्रसरण पावत असून दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत, असे त्यांनी गणिताने दाखवले. त्या वर्षी त्यांची आइन्स्टाइन यांच्याशी भेट झाली. गणित बिनचूक असल्याचे आइन्स्टाइन यांनी मान्य केले. पण विश्व प्रसरण पावते ही कल्पना मात्र त्यांना पटली नाही. लमेत्र खचले नाहीत. १९३१ साली त्यांनी याहून धाडसी विचार मांडला. विश्व प्रसरण पावत असेल, तर पूर्वी ते अत्यंत लहान असले पाहिजे. या आरंभीच्या अवस्थेला त्यांनी ‘आदिम अणू’ म्हटले. विश्वाला आरंभ असावा, ही कल्पना खुद्द एडिंग्टन यांनाही रुचली नाही.

लमेत्र यांच्या खऱ्या कसोटीची वेळ १९५१ साली आली. विश्वनिर्मितीच्या धर्मवचनाला आता विज्ञानही साक्ष देत आहे, अशा आशयाचे भाषण पोप बारावे पायस यांनी केले. सर्वोच्च धर्मगुरूंकडून आपल्या मताचा असा गौरव झाल्यावर कोणाला आनंद झाला नसता? परंतु लमेत्र अस्वस्थ झाले. वैज्ञानिक सिद्धान्त निरीक्षणावर उभा असतो. नवे निरीक्षण पुढे आले, तर तो बदलावा लागतो. अशा सिद्धान्तावर श्रद्धेचा डोलारा उभारणे त्यांना योग्य वाटले नाही. आपल्या सिद्धान्ताने ईश्वराचे अस्तित्व सिद्ध होत नाही आणि खोटेही ठरत नाही, असे त्यांचे मत होते. ते त्यांनी नम्रपणे, पण ठामपणे मांडले. पुढील वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपांनी तो दावा पुन्हा केला नाही.

आरंभीच्या तप्त विश्वाची खूण म्हणता येईल असे क्षीण प्रारण अवकाशात सर्वत्र भरलेले आहे, असे १९६५ साली जाहीर झाले. आजारी असलेल्या लमेत्र यांना हे वृत्त कळले आणि १९६६ च्या जून महिन्यात त्यांनी देह ठेवला.

मुलांनो, तारे कसे निर्माण झाले, हे दुर्बीण आणि गणित सांगतील. दुःखी माणसाशी आपण कसे वागावे, हे मात्र दुर्बिणीतून दिसत नाही. त्याचे उत्तर कोणी धर्मात शोधतो, तर कोणी धर्म न मानता विवेकाने शोधतो. दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्यावर लादू नये, एवढेच.

स्वाध्याय
१. विश्वाचे प्रसरण समजावण्यासाठी कोणते उदाहरण दिले आहे?
२. पोपांच्या भाषणाने लमेत्र अस्वस्थ का झाले?
३. विज्ञान ज्याचे उत्तर देऊ शकते आणि ज्याचे देऊ शकत नाही, असा एकेक प्रश्न लिहा.